उच्चार आणि टाळू

आरसा हातात घ्या, उजेडाकडे तोंड करा आणि 'आ' म्हणा. जिभेच्या वर जे छप्पर दिसते, त्याला मराठीत टाळू म्हणतात. उर्दूतला 'तालू' तो हाच. मराठीत मात्र या शब्दाचे दोन अर्थ आहेत. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या मऊ भागालाही टाळूच म्हणतात. त्यावर तेल घालण्याला 'टाळू भरणे' असे म्हणतात. या पाठात आपण तोंडातल्या टाळूविषयी वाचणार आहोत.

आता जिभेचे टोक टाळूवरून दातांकडून घशाकडे फिरवा. पुढचा भाग हाडाचा आहे, म्हणून तो कठीण लागतो. मागचा भाग मांसाचा आहे, तो मऊ लागतो. या मऊ भागाच्या टोकाला पडजीभ लोंबते. 'आ' म्हणताना आरशात नीट पाहिलेत तर पडजिभेसह मऊ टाळू वर उचललेली दिसेल. ती उचलली जाते तेव्हा तोंड आणि नाक यांच्यामधली वाट बंद होते. खाली येते तेव्हा वाट उघडते. घराला जसे दार, तशी ही मऊ टाळू. आपण बोलत असतो तेव्हा हे दार एका वाक्यात कितीतरी वेळा उघडते आणि मिटते. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

एक प्रयोग करून पाहा. नाक चिमटीत धरा आणि म्हणा, 'बाबा, पोपट, काका'. काही फरक पडला नाही ना? आता नाक तसेच धरून म्हणा, 'मामी, नाना'. शब्द अडकतात आणि 'बाबी, डाडा' असे काहीतरी ऐकू येते. याचे कारण असे, की म, न, ण हे वर्ण उच्चारताना टाळूचे दार उघडे असते आणि आवाज नाकातून बाहेर पडतो. प, ब, त, द, क, ग, स, च यांसारख्या वर्णांसाठी मात्र दार घट्ट मिटावे लागते. मगच हवा तोंडात कोंडली जाते आणि ओठ किंवा जीभ बाजूला होताच जोराने बाहेर येते. 'पोपट' म्हणताना तोंडासमोर तळहात धरलात तर हवेचा तो झोत हाताला लागेल.

ही गोष्ट जुन्या विद्वानांना चांगली ठाऊक होती. मराठी मुळाक्षरांची मांडणीच पाहा. क हा कंठातला, च टाळूचा, त दातांचा, प ओठांचा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी नाकातला वर्ण: ङ, ञ, ण, न, म. अरबी व्याकरणकार सीबवैह यांनी आठव्या शतकात हेच काम दुसऱ्या रीतीने केले. कोणते अक्षर कोठून निघते, त्याची सोळा स्थाने त्यांनी सांगितली. तुमच्यापैकी जे तजवीद शिकले असतील त्यांना मखरज हा शब्द माहीत आहे. हलक, जबान, होठ आणि शेवटी नाकाची पोकळी, म्हणजे खैशूम. गुन्ना खैशूममधून निघतो, असे उस्ताद शिकवतात. आज वाचादोषांवर संशोधन करणारे विद्यार्थी पहिल्या वर्षी जे शिकतात, त्यातला बराचसा भाग तुम्ही लहानपणीच शिकला आहात.

काही बाळांच्या टाळूला जन्मतःच चीर असते. तिला 'दुभंगलेली टाळू' म्हणतात. दुभंगणे म्हणजे फाटून दोन भाग होणे. काहींचा फक्त ओठ दुभंगलेला असतो, काहींची फक्त टाळू, तर काहींचे दोन्ही. जगात साधारणपणे दर ७०० ते १००० जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो, म्हणजे तो फारसा दुर्मीळ नाही. आईच्या पोटात बाळाचा चेहरा तयार होताना उजवीकडचे आणि डावीकडचे भाग मध्यभागी येऊन एकमेकांना जुळतात. ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. काही कारणाने हे भाग जुळले नाहीत तर चीर राहते. अनेकदा आपण आई होणार आहोत हे आईला नुकतेच समजलेले असते, तेव्हाच हे घडून गेलेले असते.

कारण एकच नसते. काही घराण्यांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. गरोदरपणातील धूम्रपान, फिट्सवरील काही औषधे यांमुळेही त्याची शक्यता वाढते. आपल्याकडे मात्र अजून ग्रहणावर खापर फोडले जाते. गरोदर बाईने ग्रहणात विळी किंवा सुरी हाती घेतली म्हणून बाळाचा ओठ चिरला, असे सांगणारी माणसे सर्व धर्मांत आहेत. यात काडीचेही तथ्य नाही. पण या समजुतीमुळे दोष आईच्या माथी मारला जातो आणि ती बाळाला लोकांसमोर आणायला संकोचते. तेवढ्यात उपचाराची वेळ हातची जाते.

ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचे असताना करतात आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. ओठाच्या शस्त्रक्रियेविषयी लोकांना थोडीफार माहिती असते. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यातल्या पिंकी नावाच्या मुलीवर काढलेल्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, तेव्हा वर्तमानपत्रांत तिची पुष्कळ छायाचित्रे आली होती. आधी फाटलेला ओठ, नंतर हसरा चेहरा. टाळूचे तसे नाही. ती तोंडाच्या आत असते आणि बोलणे तर छायाचित्रात मुळीच येत नाही. म्हणून ओठ शिवून झाला की काम संपले, असे अनेक घरांतून समजले जाते.

काम संपलेले नसते. टाळूला चीर असेल किंवा शस्त्रक्रियेनंतरही मऊ टाळू आखूड राहिली असेल, तर दार पूर्ण मिटत नाही. मूल 'प' म्हणायला जाते आणि कोंडलेली हवा नाकातून निसटते. सगळे बोलणे गेंगाणे होते. गेंगाणे म्हणजे नाकातून येणारे. पण यापेक्षा अवघड गोष्ट दुसरीच आहे. तोंडात हवा कोंडता येत नाही, हे मुलाचे शरीर फार लवकर ओळखते आणि दुसरी युक्ती काढते. ते हवा आणखी खाली, घशातच अडवते. अरबीतला हमजा कसा उच्चारतात ते आठवा. घशात क्षणभर अडथळा येतो आणि सुटतो. दुभंगलेल्या टाळूची कित्येक मुले प, त, क या सर्वांच्या जागी तोच एक आवाज काढतात. काही मुले 'स' ऐवजी अरबीतल्या मोठ्या 'हे'सारखा घशाच्या खोल भागातून घासून येणारा आवाज काढतात. 'पाटी' म्हटले काय आणि 'काठी' म्हटले काय, ऐकणाऱ्याला फक्त 'आ-ई' ऐकू येते. ही सवय एकदा जडली, की पुढे टाळू शिवली तरी ती आपोआप सुटत नाही. दार दुरुस्त झालेले असते, पण घरातली माणसे अजून खिडकीतूनच ये-जा करत असतात.

याशिवाय कानांचाही प्रश्न असतो. घशापासून कानाच्या आतल्या भागापर्यंत एक बारीक नळी जाते. तिचे तोंड उघडण्याचे काम टाळूचे स्नायू करतात. टाळू दुभंगलेली असेल तर ही नळी नीट उघडत नाही, कानाच्या पडद्यामागे पाणी साठते आणि मुलाला कमी ऐकू येते. शब्द स्पष्ट ऐकूच आला नाही, तर तो स्पष्ट बोलता कसा येणार? वर्गात असे मूल गप्प राहते. मग त्याला मठ्ठ समजून शेवटच्या बाकावर बसवले जाते. त्याच्या बुद्धीत बहुतेक वेळा काहीच कमी नसते.

या विषयावरचा एक जुना प्रबंध अशाच टाळूच्या एका माणसाने लिहिला होता. जॉन स्टीफन्सन हा कॅनडातील मॉन्ट्रियलचा तरुण वैद्यकशास्त्र शिकायला स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेला. त्याची मऊ टाळू जन्मापासून दुभंगलेली होती. १८१९ साली तो पॅरिसला असताना फिलिबेर रू या शल्यचिकित्सकांनी त्याची टाळू शिवली. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते! पुढच्याच वर्षी, १८२० मध्ये, स्टीफन्सनने एडिंबरोच्या पदवीसाठी याच शस्त्रक्रियेवर लॅटिन भाषेत प्रबंध सादर केला. म्हणजे संशोधक तोच आणि रुग्णही तोच. पुढे मॉन्ट्रियलला परतून तो शरीरशास्त्राचा अध्यापक झाला. मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकशाखेच्या संस्थापकांत त्याचे नाव घेतले जाते.

आजचा पीएच.डी.चा संशोधक हे काम कसे करतो? टाळू तर त्याने शिवलेली नसते. ते काम शल्यचिकित्सकाचे. संशोधक ऐकतो. ऐकणे हेच त्याचे मुख्य काम असते आणि ते वाटते तितके सोपे नाही. एकाच मुलाचे बोलणे एकाला फार गेंगाणे वाटते, दुसऱ्याला थोडेसे. म्हणून मुलाचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात आणि दोन-तीन जाणकारांना ते वेगवेगळे ऐकवतात. मूल कोणते, शस्त्रक्रिया केव्हा झाली, हे त्यांना सांगत नाहीत. त्यांची मते जुळली तरच तो निष्कर्ष धरतात. मुलाच्या नावाऐवजी केवळ क्रमांक लिहितात. आईवडिलांची लेखी संमती घेतल्याशिवाय आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारल्याशिवाय ध्वनिमुद्रण करत नाहीत.

काही साधने अगदी साधी असतात. नाकाखाली थंड आरसा धरायचा आणि मुलाला 'पापा' म्हणायला सांगायचे. आरशावर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. नेझोमीटर नावाचे यंत्रही असते. त्यात नाक आणि वरचा ओठ यांच्यामध्ये एक पट्टी येते. पट्टीच्या वर एक ध्वनिग्राहक, खाली दुसरा. एकूण आवाजातला किती भाग नाकातून आला, हे ते शेकड्यात सांगते. काही वेळा नाकातून बारीक दुर्बीण घालून टाळूचे दार प्रत्यक्ष मिटते का, तेही पाहतात.

चाचणीसाठी वाक्येही विचारपूर्वक बनवावी लागतात. 'पोपट पपई खातो' या वाक्यात एकही नाकातला वर्ण नाही. 'मामी नाना आले का' यात चार आहेत. पहिल्या वाक्यात नाकातून आवाज आला तर दोष समजतो. तशी वाक्ये इंग्रजीत पुष्कळ तयार आहेत, पण बदलापूरच्या मुलाला इंग्रजी वाक्य देऊन काय उपयोग? प्रत्येक भाषेत नाकातल्या वर्णांचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे त्या भाषेतल्या निरोगी मुलांची मोजमापे आधी घ्यावी लागतात.

यातला सर्वांत नाजूक भाग पुढे आहे. ठाणे जिल्ह्यातल्या अंबरनाथ तालुक्यात, बदलापूरजवळ चामटोली नावाचे गाव आहे. समजा, तेथे एका संशोधकाने पाच वर्षांच्या तीन मुलांना 'शाळा' आणि 'पाणी' हे शब्द म्हणायला सांगितले. पहिल्याच्या घरी पुस्तकी मराठी बोलतात. तो 'शाळा', 'पाणी' म्हणाला. दुसऱ्याच्या घरी आगरी बोली आहे. तो 'शाला', 'पानी' म्हणाला. तिसऱ्याच्या घरी उर्दू आहे. तोही 'शाला', 'पानी' म्हणाला. यांतल्या कोणाच्या टाळूत दोष आहे? कोणाच्याही नाही! आगरी बोलीत ळ चा ल आणि ण चा न होतो, आणि उर्दूत ळ हा वर्णच नाही. हे ज्याला माहीत नाही, तो संशोधक दोन धडधाकट मुलांना रुग्ण ठरवील. उलट एखाद्या मुलाने 'पाणी' ऐवजी 'आनी' म्हटले, आणि 'प'च्या जागी घशात हमजासारखा अटकाव ऐकू आला, तर तेथे मात्र कान टवकारले पाहिजेत. म्हणून हा अभ्यास करणाऱ्याला शरीरशास्त्राइतकीच गावची बोली ठाऊक असावी लागते. माझ्या मते तर बोली आधी आणि यंत्रे नंतर. उर्दू, मराठी आणि आगरी या तिन्ही बोलणे ज्याच्या कानावरून गेली आहेत, असा माणूस या कामाला फार उपयोगी पडतो.

असे मूल गावात जन्मले तर त्याला शोधायचे कोणी? पहिली व्यक्ती म्हणजे आशाताई आणि अंगणवाडीताई. २०१३ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम पालघर येथून सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांना तपासते. ज्या दोषांची तपासणी होते त्यांत दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. ओठ दुभंगलेला असेल तर तो कोणालाही दिसतो. फक्त टाळू दुभंगलेली असेल तर बाळाच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे लागते. पाजलेले दूध बाळाच्या नाकातून परत येत असेल, तर ही शंका लगेच घ्यावी.

मुंबईत वांद्रे येथे या विषयाची एक राष्ट्रीय संस्था आहे. ९ ऑगस्ट १९८३ रोजी तिची स्थापना झाली. तिला नवाब अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू, पुढे अमेरिकेत भारताचे राजदूत आणि १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या संस्थेत ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या दोषांवर उपचार होतात आणि हे उपचार करणारे तज्ज्ञही तेथे तयार होतात. लोक त्यांना 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात. मुंबई सेंट्रलजवळच्या नायर रुग्णालयातही हे शिक्षण दिले जाते.

पण चामटोलीहून वांद्र्याला जायचे म्हणजे आधी बदलापूर स्टेशन गाठायचे, मग लोकलने दादर, तेथे गाडी बदलून वांद्रे. बदलापूर ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे. शस्त्रक्रियेसाठी एकदा जाणे जमते. बोलण्याचा सराव मात्र आठवड्यातून एकदा, महिनोन्‌महिने करावा लागतो. मूल कडेवर घेऊन गर्दीतून जायचे आणि त्या दिवसाची मजुरीही बुडवायची. तीन-चार खेपांनंतर पुष्कळ आईबाप येणे सोडतात. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. तमिळनाडूत चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील तज्ज्ञांनी यावर एक उपाय केला. तिरुवन्नामलाई जिल्ह्यात त्यांनी स्थानिक कार्यकर्त्यांनाच शिकवून तयार केले. ते मुलांच्या घराजवळ जाऊन सराव घेऊ लागले, आणि तज्ज्ञ अधूनमधून तपासायला जाऊ लागले.

शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी, यावर डॉक्टरांचा वाद फार वर्षे चालला होता. लवकर केली तर उच्चार सुधारतात, असे काही म्हणत. लवकर केली तर जबड्याची वाढ खुंटते, असे दुसरे म्हणत. युरोप व दक्षिण अमेरिकेतील २३ केंद्रांनी मिळून ५५८ बाळांवर एक अभ्यास केला. त्यांची फक्त टाळू दुभंगलेली होती. निम्म्यांची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्यात केली, निम्म्यांची बाराव्या महिन्यात, आणि पाच वर्षांची झाल्यावर त्यांचे बोलणे ऐकले. टाळूचे दार नीट न मिटणारी मुले पहिल्या गटात शेकडा ८.९ निघाली, दुसऱ्या गटात शेकडा १५. हा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या एका वाक्यासाठी बाळे पाच वर्षांची होईपर्यंत थांबावे लागले. पण सहा महिन्यांच्या बाळाला भूल देण्यासाठी कुशल डॉक्टर लागतात आणि बाळाचे वजन पुरेसे भरलेले असावे लागते. म्हणून हा आकडा जसाच्या तसा प्रत्येक गावाला लागू करता येत नाही.

संशोधनाने आणखी एक समजूत मोडीत काढली. पूर्वी अशा मुलांना फुगे फुगवायला, शिट्टी वाजवायला, मेणबत्ती विझवायला सांगत. त्याने टाळूला व्यायाम होतो, असे वाटे. अजूनही काही ठिकाणी हे सांगतात. पण फुंकणे आणि बोलणे ही शरीराची निरनिराळी कामे आहेत. फुंकून फुंकून 'प' येत नाही. 'प' यायला 'प'च म्हणावा लागतो. आधी ओठ मिटून नुसता 'प', मग 'पा', मग 'पापा', मग 'पाट', 'प्याला', मग छोटे वाक्य. सुरुवातीला नाक चिमटीत धरून म्हणवून घेतात. हवा नाकातून निसटू शकत नाही, तेव्हा ती ओठांमागे जमते आणि 'प' कसा वाटतो हे मुलाला पहिल्यांदा कळते. रोज दहा मिनिटे पुरतात. आई पोळ्या लाटत असताना 'पीठ', 'पोळपाट', 'पतेला' असे एकेक शब्द म्हणवून घेऊ शकते, किंवा मोठा भाऊ अभ्यास करता करता. अट एवढीच, की घशातून आलेला शब्द चालवून घ्यायचा नाही आणि ओठातून आलेला शब्द, कितीही हळू आला तरी, ऐकल्याशिवाय सोडायचा नाही.